विश्लेषण : वसाहतीतल्या बागेत मुलांचे मैदान, जागा कोणाची, निर्णय कोणाचा?

दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि एक सी-सॉ. एवढ्या सामानावरून वसाहतीत दोन तट पडतात. तरुण आईवडिलांना मुलांसाठी खेळाची जागा हवी असते. ज्येष्ठांना फेरफटका मारायला शांत बाग हवी असते. ज्यांची घरे जागेला लागून आहेत त्यांना खिडकीच्या काचांची काळजी असते. मुंबई-पुण्यातला हा वाद आता मोठ्या गावांच्या नव्या वसाहतींपर्यंत पोहोचण्याजोगी स्थिती आहे. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावात असा प्रश्न उभा राहिला तर कायदा काय सांगतो, अधिकार कोणाला आहे आणि तोडगा कसा निघू शकतो, याचा हा आढावा.

वाद होतो तरी का?

जुन्या गावठाणात मुलांच्या खेळासाठी वेगळी जागा लागत नसे. पार, देवळासमोरचे पटांगण, खळे, नदीकाठ, गल्ली हेच मैदान होते. हळद शिजवून वाळवायच्या दिवसांत त्याच मोकळ्या जागेवर हळद पसरायची आणि मुले बाजूला सरकायची. जागा एक, वापर अनेक आणि वेळ ज्याची त्याची, अशी ती अलिखित व्यवस्था होती.

गावाच्या कडेच्या शेतजमिनी अकृषिक होऊन तिथे प्लॉट पडले की ही व्यवस्था मोडते. प्रत्येक प्लॉटला कुंपण येते, रस्त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टर वाढतात आणि सगळ्यांसाठी म्हणून लेआउटमध्ये सोडलेला एकच तुकडा शिल्लक राहतो. सकाळी फिरणारे, दुपारी सावलीला बसणारे, संध्याकाळी खेळणारी मुले, लग्नसराईत मांडव घालणारे आणि गणपती-नवरात्रात मंडप उभारणारे, सगळ्यांची नजर त्याच तुकड्यावर असते. म्हणून भांडण झोपाळ्यावरून सुरू झालेले दिसले तरी त्याचे मूळ जागेच्या टंचाईत असते.

लेआउटमध्ये मोकळी जागा येते कुठून?

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच ‘यूडीसीपीआर’, डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबई महापालिका क्षेत्र आणि आणखी काही अपवाद वगळता ती राज्यभरातील नियोजन प्राधिकरणे आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांना लागू आहे. ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करायचे असेल, तर एकूण क्षेत्राच्या १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ही जागा सर्व रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी राहील, असे हमीपत्र जमीनमालकाला द्यावे लागते.

या जागेत बांधकामालाही मर्यादा आहे. व्यायामशाळा, क्लब हाऊस अशा ठरावीक वापरासाठी जास्तीत जास्त दोन मजली बांधकाम करता येते. त्याचे एकूण क्षेत्र मोकळ्या जागेच्या १५ टक्क्यांपुढे आणि तळमजल्यावरचे १० टक्क्यांपुढे जाता कामा नये. मोकळ्या जागेचा गैरवापर झाला तर प्राधिकरण ती ताब्यात घेऊ शकते.

यूडीसीपीआरच्या आधी मंजूर झालेल्या लेआउटना त्या-त्या वेळचे नियम लागू होतात. म्हणून पहिला कागद पाहायचा तो मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि त्यासोबतचा अकृषिक परवानगीचा आदेश. आणि जिथे रेखांकन मंजूर न करताच गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली, तिथे बहुतेक वेळा मोकळी जागाच सोडलेली नसते. अशा वसाहतीत मैदानाची चर्चा वेगळ्या जागेच्या शोधापासूनच सुरू करावी लागते.

मग ती जागा नेमकी कोणाची?

बहुतेक वाद इथेच अडकतात. नकाशावर ‘खुली जागा’ असे लिहिलेले असते, पण सातबाऱ्यावर मूळ मालकाचे किंवा विकासकाचे नाव तसेच राहिलेले असते. लेआउटच्या आदेशात अनेकदा रस्ते आणि खुली जागा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करण्याची अट असते. ती अट पाळली गेली का, ग्रामपंचायतीच्या जमिनीच्या नोंदवहीत ती जागा चढली का, हे फारसे कोणी तपासत नाही.

जागेला कागदावर धनी नसला की ती हळूहळू आक्रसते. आधी एका कोपऱ्यात बांधकामाची वाळू पडते, मग शेजारच्या प्लॉटची भिंत दोन फूट पुढे सरकते, मग पत्र्याचे शेड उभे राहते. मैदान हवे की बाग, यावर रहिवासी भांडत असताना जागाच हातची गेलेली असते. त्यामुळे दोन्ही गटांचे पहिले हित एकच आहे : जागेची मोजणी करून घेणे, हद्द कायम करणे आणि नोंद लावून घेणे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरील अडथळे व अतिक्रमणे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. ग्रामपंचायतीने तो वापरला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना तयार करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले होते. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान आणि सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबत शासन निर्णय काढला.

या जागेवर प्रार्थनास्थळ बांधण्याचा प्रस्तावही अनेक ठिकाणी पुढे येतो. सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचे अनधिकृत प्रार्थनास्थळ नव्याने उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे.

एवढ्या जागेत बसते तरी काय?

मोठमोठ्या मागण्या करण्याआधी टेप घेऊन जागा मोजलेली बरी. एक एकराच्या लेआउटमध्ये १० टक्के म्हणजे सुमारे ४०० चौरस मीटर जागा मिळते. म्हणजे २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद चौकोन. क्रिकेटची नुसती खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब असते. याचा अर्थ या चौकोनात खेळपट्टीच पुरती मावत नाही, मग धाव घ्यायला आणि चेंडू अडवायला जागा कुठली? काचा फुटतात त्या मुलांच्या खोडसाळपणापेक्षा या हिशेबामुळे.

खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदानही इथे बसणार नाही. कबड्डीचे पुरुष गटाचे मैदान मात्र १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर असते. ते एका बाजूला बसून उरलेल्या जागेत लहान मुलांची खेळणी, चार झाडे, बाके आणि कडेने चालण्याची वाट करता येते. लेआउट एक हेक्टरचे असेल तर १,००० चौरस मीटर मिळतात आणि पर्याय वाढतात.

म्हणजे छोट्या जागेत लहान मुलांची खेळणी आणि ज्येष्ठांची बाग एकत्र नांदू शकतात. न बसणारी गोष्ट आहे मोठ्या मुलांचे टेनिस बॉलचे क्रिकेट. त्यासाठी शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरची मोठी जागा पाहावी लागते. हे आधी स्पष्ट झाले तर निम्मा विरोध तिथेच मावळतो, कारण विरोध करणाऱ्यांना धास्ती असते ती झोपाळ्यापेक्षा चेंडूची.

‘शाळेचे मैदान आहे की!’ हा युक्तिवाद पुरेसा आहे का?

काही अंशी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे असा निकष आहे. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी ते मैदान गावातल्या मुलांना खुले ठेवण्याबाबत शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत मिळून ठरवू शकतात. मोठ्या मुलांसाठी तो चांगला पर्याय आहे.

पण तीन-चार वर्षांचे मूल वर्दळीचा रस्ता ओलांडून एकटे शाळेपर्यंत जाऊ शकत नाही. त्याला घराच्या हाकेच्या अंतरावर, आई किंवा आजीच्या नजरेसमोर जागा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. घराबाहेर जागाच नसेल तर तो तास मोबाइलच्या पडद्यासमोर जातो, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

खेळणे हा मुलांचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये नमूद आहे. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. या कलमाच्या आधारे अमुक बागेत झोपाळा बसवाच, असा आदेश आपोआप मिळत नाही. परंतु गावाचा आराखडा करताना मुलांची गरज मोजायला हवी, एवढी जबाबदारी त्यातून नक्कीच येते.

गोंगाटाची तक्रार खोटी आहे का?

नाही. दुपारी झोपलेले आजारी माणूस, रात्रपाळी करून आलेला कर्मचारी, दहावी-बारावीचा अभ्यास यांना आवाजाचा त्रास होतो. ही तक्रार जगभर आहे आणि दोन देशांनी तिला अगदी उलट उत्तरे दिली आहेत.

जपानमधील नागानो शहरात २००४ मध्ये सुरू झालेले आओकिजिमा हे मुलांचे खेळाचे उद्यान मुलांच्या आवाजाच्या तक्रारींनंतर मार्च २०२३ मध्ये बंद झाले. तक्रार प्रामुख्याने शेजारच्या एकाच घरातून होती. बंद करण्याचा निर्णय जाहीर होताच जपानभर वादळ उठले. एका घराच्या त्रासासाठी सगळ्या मुलांची जागा काढून घ्यायची का, असे काहींनी विचारले. त्या घराने इतकी वर्षे सोसलेल्या त्रासाचे काय, असे इतरांनी विचारले. उद्यान मात्र वाचले नाही.

जर्मनीत पाळणाघरे आणि क्रीडांगणांच्या आवाजावरून शेजारी न्यायालयात जाऊ लागले होते. तेव्हा तिथल्या संसदेने २०११ मध्ये प्रदूषण नियंत्रणाचा कायदाच बदलला. पाळणाघर, क्रीडांगण अशा ठिकाणी खेळणाऱ्या मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे हानिकारक उपद्रव मानू नये, अशी तरतूद करण्यात आली.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मुलांच्या खेळण्याला त्यात वेगळी सूट नाही आणि वेगळी बंदीही नाही. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न वेळ आणि अंतर ठरवूनच सोडवावा लागतो. दुपारी १ ते ४ खेळ बंद, संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्ध्या तासाने बंद, परीक्षेच्या काळात वेळ कमी, खेळणी खिडक्यांपासून लांबच्या बाजूला आणि मध्ये झाडांची रांग, असे साधे नियम वसाहत स्वतः करू शकते. मैदानावर ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर मात्र वेगळी परवानगी लागते.

‘बाहेरची मुले येतील’ याचे काय?

हा आक्षेप सभेत दबक्या आवाजात मांडला जातो, पण तो अनेकदा सगळ्यात मोठा असतो. ‘आमच्या प्लॉटधारकांची जागा आहे, गावातली मुले इथे कशाला?’ असा त्याचा सूर असतो. गाव आणि नवी वसाहत, ही वस्ती आणि ती वस्ती, ही जुनी दरी त्यातून पुन्हा बाहेर येऊ शकते.

इथे पैसा कोणाचा, हे महत्त्वाचे ठरते. लेआउटमधील खुली जागा तिथल्या रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी असते. परंतु ती ग्रामपंचायतीकडे आली आणि तिथे शासकीय निधी खर्च झाला, तर ती सार्वजनिक सुविधा होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) नुसार पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. निधी गावाचा आणि कुलूप वसाहतीचे, असे चालणार नाही.

गर्दीची भीती खरी असेल तर तिचे उत्तर दुसरीकडे आहे. एकाच ठिकाणी चकाचक मैदान केले की सगळे गाव तिथे लोटते. तोच खर्च विभागून गावठाणात, वस्तीत आणि नव्या वसाहतीत छोट्या-छोट्या जागा केल्या तर प्रत्येक मूल आपल्या दाराजवळ खेळते आणि एका जागेवर ताण येत नाही.

मुली मैदानावर का दिसत नाहीत?

मैदान झाले तरी ते सगळ्यांचे होतेच असे नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९० च्या दशकात पाहणी केली असता, नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलींचे उद्यानात येणे एकदम कमी होते आणि मुलांचे मात्र तसे होत नाही, असे आढळले. मोकळे मैदान मोठ्या मुलांच्या गटाने व्यापले की मुली त्यांच्याशी भांडण्यापेक्षा घरी थांबतात, असे त्यातून दिसले. १९९९ पासून तिथल्या दोन उद्यानांत बदल करण्यात आले. मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. त्यानंतर मुलींची उपस्थिती वाढली.

आपल्याकडे हा बदल करायला फार पैसा लागत नाही. सगळी जागा क्रिकेटला न देणे, रिंगटेनिस किंवा बॅडमिंटनची जाळी बांधता येतील असे दोन खांब रोवणे, संध्याकाळी पुरेसा उजेड ठेवणे आणि बाके अशी मांडणे की आईला खेळणी समोर दिसतील. दिवा नसलेल्या कोपऱ्यात रात्री टोळकी बसतात, ही ज्येष्ठांची तक्रारही त्याच उजेडाने सुटते. अपंग मुलासाठी प्रवेशद्वाराशी पायरीऐवजी उतार ठेवला, तर काठी टेकत येणाऱ्या आजोबांनाही तो उपयोगी पडतो.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

उद्यानाच्या जागेबाबतचा महत्त्वाचा निकाल बंगळुरूचा आहे. तिथल्या राजमहल विलास विस्तार या वसाहतीत सार्वजनिक उद्यानासाठी राखीव असलेली जागा १९७६ मध्ये एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. हा बदल मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाला होता. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, असा बचाव झाला. १९ जुलै १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या प्रकरणात रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाची गरज आणि खासगी रुग्णालयाचा उपयोग यांची सरमिसळ करता येत नाही, तसेच उद्यान जाण्याने ज्यांचे नुकसान होते त्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, ही या निकालाची दोन सूत्रे आहेत.

महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण नवी मुंबईचे. घणसोली येथे क्रीडा संकुलासाठी ठेवलेली सुमारे २० एकर जागा सोडून ते संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. शहरातल्या मुलांना खेळायला शंभर किलोमीटर दूर जा असे सांगता येणार नाही, हा त्यामागचा साधा मुद्दा होता.

न्यायालयाबाहेरही अशी लढाई जिंकली गेली आहे. एप्रिल १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मुलांच्या खेळण्याची सुमारे अर्धा एकर जागा एका उपाहारगृहाच्या वाहनतळासाठी घेतली जात असल्याचे आसपासच्या मातांना कळले. मुलांच्या बाबागाड्या घेऊन त्या बुलडोझरसमोर उभ्या राहिल्या. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्या काळातले शहरातील सर्वांत बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना माघार घ्यावी लागली. त्या जागी अखेर मुलांचे क्रीडांगण झाले.

गावात निर्णय कोण घेणार?

ग्रामसभा. मासिक सभेत चार सदस्यांनी ठराव करून काम सुरू करणे सोपे वाटते, पण वाद तिथूनच पेटतो. ग्रामसभा वर्षातून किमान ४ वेळा घ्यावी लागते. तिची गणपूर्ती गावातील मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. लहान मुलांना मैदानावर नेणे-आणणे बहुतांशी महिलाच करतात. त्यामुळे हा विषय त्या सभेत आधी मांडला गेला पाहिजे.

केंद्र सरकारने ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी जे ९ विषय ठरवले आहेत, त्यांत ‘बालस्नेही गाव’ हा एक आहे. त्याअंतर्गत मुलांची सभा घेऊन त्यांचे म्हणणे आराखड्यात घेणे अपेक्षित आहे. मुलांना विचारले तर उत्तरे वेगळीच येतात. त्यांना रंगीत पुतळ्यांपेक्षा चढायला झाड, खणायला माती आणि पाण्याचा नळ हवा असतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या एमद्रुप येथे १९४३ मध्ये फळ्या, विटा, दोर देऊन मुलांनाच बांधू देणारे मैदान सुरू झाले, ते याच विचारातून. पुढे युरोपात अशी शेकडो मैदाने झाली.

पैसा आणि देखभाल कोण पाहणार?

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायतींना ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, तर ४० टक्के स्थानिक गरजांसाठी अबंधित होती. मैदानासारखे काम अबंधित भागातून घेता येत असे. याशिवाय मोठ्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांसाठी राज्याचे विशेष अनुदान आहे आणि क्रीडा विभागाची क्रीडांगण विकासाची योजना आहे. यांपैकी कशासाठीही जागेची मालकी किंवा ताबा दाखवणारा कागद लागतो. म्हणजे पुन्हा पहिल्याच मुद्द्याकडे यावे लागते.

खरी अडचण बसवण्यात नसून टिकवण्यात आहे. उद्घाटनाच्या दिवशी चमकणारा झोपाळा दोन पावसाळ्यांत गंजतो. साखळीची कडी झिजते, पाटी सैल होते आणि एखाद्या मुलाचा हात मोडला की सगळे मैदानच बंद पडते. ‘उद्या पडलेच कोणी तर जबाबदार कोण?’ हा विरोधकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ठरावातच लिहावे लागते : महिन्यातून एकदा खेळणी कोण तपासणार, दुरुस्तीसाठी दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवणार आणि मोडलेले खेळणे त्याच दिवशी कोण बांधून ठेवणार.

खेळणी बसवतानाही थोडे भान लागते. झोपाळ्याखाली काँक्रीट नको, वाळू किंवा भुसभुशीत माती हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी दुपारी चटका देते, म्हणून ती कडुलिंबाच्या सावलीत हवी. झोपाळ्याच्या पुढे-मागे मोकळी जागा सोडावी आणि तो वाटेच्या आड येऊ नये.

कुरुंद्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची का?

पाणी. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसाने कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले होते. घरांत, दुकानांत पाणी गेलेले पाहिलेल्या गावाला मोकळ्या मातीची किंमत वेगळी सांगायला नको. सुशोभीकरणाच्या नावाखाली सगळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवले, भोवती सलग भिंत घातली, तर पाणी जिरायची जागा जाते आणि ते शेजारच्या घरांकडे वळते. मैदान मातीचे राहिले, कडेने चर आणि झाडे ठेवली, भिंतीऐवजी तारेचे कुंपण केले, तर तीच जागा उन्हाळ्यात खेळायला आणि पावसाळ्यात पाणी मुरवायला उपयोगी पडते. खर्चही कमी येतो. बागेसाठी आग्रह धरणाऱ्यांचा ‘हिरवळ राहू द्या’ हा मुद्दा इथे मुलांच्या बाजूचाही ठरतो, कारण पडणाऱ्या मुलाला मातीच बरी.

मग तोडगा कसा काढायचा?

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा मंजूर रेखांकनाची नक्कल आणि सातबारा काढून जागेची मोजणी करावी. त्यानंतर हस्तांतरणाची अट पूर्ण करून घ्यावी आणि नोंद लावावी. मग आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या जागेचा वापर कोण करते, हे दोन्ही गटांच्या माणसांनी मिळून टिपून ठेवावे. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठांची वेळ सकाळची आणि मुलांची संध्याकाळची निघते. वाद उरतो तो तास-दीड तासाचा.

त्यानंतर नकाशावर भाग पाडावेत : लहान मुलांची खेळणी एका बाजूला, चालण्याची वाट कडेने, बाके सावलीत, चेंडूचे खेळ दुसऱ्या मैदानावर. हा आराखडा महिला सभेत आणि मुलांच्या सभेत दाखवून मग ग्रामसभेत ठेवावा. ज्यांची घरे जागेला लागून आहेत त्यांचे म्हणणे वेगळे ऐकून ठरावात नोंदवावे. त्रास सर्वांत जास्त त्यांनाच होणार असतो.

आणि पहिले वर्ष प्रयोगाचे ठेवावे. दोन झोपाळे, वाळूचा खड्डा, चार बाके एवढ्यावर सुरुवात करून वर्षानंतरच्या ग्रामसभेत वेळा आणि नियम पुन्हा तपासता येतात. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा असे वाटणाऱ्यांनी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत रेखांकनाची नक्कल जोडावी आणि पोच घ्यायला विसरू नये.